विजेचं नियोजन, तासातासाचं

25 ऑक्टोबर 1943. महायुद्ध अजून संपलेलं नव्हतं, पण युद्धानंतरच्या देशउभारणीची तयारी दिल्लीत सुरू झाली होती. त्या तयारीचा भाग म्हणून विजेच्या धोरणासाठी नेमलेल्या समितीपुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. वीजनिर्मिती सरकारच्या मालकीची असावी की खासगी? कारभार केंद्राकडे असावा की प्रांतांकडे? वीज स्वस्त आणि मुबलक मिळण्यासाठी कोणती व्यवस्था बरी? या प्रश्नांमागचा युक्तिवाद सरळ होता. देशाचं दारिद्र्य हटवायचं तर उद्योग वाढले पाहिजेत आणि उद्योग वाढायचे तर स्वस्त, मुबलक वीज हवी. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आलं, 1948 मध्ये वीजपुरवठा कायदा झाला आणि त्याच कायद्याच्या आधाराने राज्याराज्यांत वीज मंडळं उभी राहिली. महाराष्ट्राचं मंडळ 1960 चं.

या पुस्तकाचा विषय आहे देशाच्या ऊर्जा धोरणाचं नियोजन, आणि तेही कार्बन उत्सर्जन कमी करण्याच्या अंगाने. तरी सुरुवात 1943 पासून करण्याला कारण आहे. तेव्हाचा प्रश्न आजही सुटलेला नाही. भारतात माणशी वीजवापर वर्षाला साधारण 1,400 युनिट आहे आणि जगाची सरासरी त्याच्या अडीच पटीहून अधिक आहे. ‘मुबलक’ आणि ‘स्वस्त’ या दोन अटी कायम आहेत, आणि त्यांच्या जोडीला तिसरी अट येऊन बसली आहे: ती वीज कोळशावर अवलंबून असता कामा नये. तिन्ही अटी एकदम पाळण्याचं नियोजन कसं करायचं, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. टंचाईच्या काळात आपल्याला मेगावॉट मोजायची सवय लागली, आणि ते योग्यही होतं. कार्बनचा हिशेब मात्र मेगावॉटमध्ये बसत नाही. तो कुठल्या तासाला कुठल्या केंद्रातून किती युनिट आली, यावर ठरतो. आपली धोरणं अजून जुन्याच मापाने मोजली जातात आणि बरेचसे घोटाळे तिथून सुरू होतात.

ज्यांनी 2005 च्या आसपासचं भारनियमन महाराष्ट्रात भोगलं आहे, त्यांना मेगावॉटचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तालुक्याच्या गावी बारा-बारा तास वीज नसे आणि वर्तमानपत्रात ‘तुटवडा इतके हजार मेगावॉट’ अशी चौकट रोज यायची. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ इथे नवा संच सुरू झाला की ती पहिल्या पानाची बातमी असे. पंचवार्षिक योजनांमध्येही विजेचं प्रकरण म्हणजे स्थापित क्षमतेचं उद्दिष्ट आणि त्यातलं किती गाठलं याचा तक्ता. योजना आयोग 2014 मध्ये गुंडाळला गेला, 2015 च्या पहिल्या दिवशी नीती आयोग आला, पण तक्ता तोच राहिला. त्यात फक्त सौर आणि पवन हे रकाने वाढले.

आता आजचे आकडे पाहू. नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने जाहीर केलं की 2030 पर्यंत 500 गिगावॉट क्षमता कोळसा-तेल-वायूखेरीज इतर स्रोतांची असेल आणि 2070 पर्यंत देशाचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर येईल. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अधिकृत वचनात 2030 साठीचे दोन आकडे महत्त्वाचे होते: निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची, आणि अर्थव्यवस्थेची उत्सर्जन-तीव्रता 2005 च्या तुलनेत 45 टक्क्यांनी कमी. यातलं पहिलं उद्दिष्ट आपण पाच वर्षं आधी, 2025 च्या जूनमध्येच गाठलं. अभिनंदन झालं आणि ते रास्तच होतं. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं तेव्हा सौर विजेचा दर युनिटला सतरा रुपयांच्या घरात होता. 2020 च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात तो दोन रुपयांच्या खाली उतरला. जगात फार थोड्या देशांना हे इतक्या वेगाने साधलं.

पण क्षमता निम्मी झाली त्या वर्षीसुद्धा देशात तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाचीच होती, आणि त्याआधीच्या आर्थिक वर्षात कोळशाच्या उत्पादनाने पहिल्यांदाच 100 कोटी टनांची रेषा ओलांडली होती. विहिरीची खोली विचारून पिकाला किती पाणी मिळालं ते कळत नाही, तसंच हे आहे. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प महाराष्ट्रात वर्षाला साधारण सोळा ते वीस लाख युनिट देतो. बऱ्यापैकी चाललेला कोळशाचा एक मेगावॉट साठ लाखांच्या आसपास देतो, आणि त्यातल्या दर युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तक्त्यात मात्र दोन्ही मेगावॉट एकाच मापाचे दिसतात.

तीव्रतेचं उद्दिष्टही असंच सावधपणे वाचावं लागतं. तीव्रता म्हणजे एक रुपयाच्या उत्पन्नामागे किती उत्सर्जन झालं ते. समजा अर्थव्यवस्था चौपट झाली आणि तीव्रता 45 टक्क्यांनी घटली, तर एकूण उत्सर्जन मूळच्या 2.2 पट होतं. उद्दिष्ट पूर्ण होतं आणि उत्सर्जनही दुपटीवर जातं. यात फसवणूक काही नाही. माणशी उत्सर्जन अमेरिकेच्या सातव्या हिश्श्याइतकं असलेल्या देशाने आधी तीव्रता कमी करायची आणि एकूण आकडा पुढे कधीतरी उतरवायचा, हा रास्त मार्ग आहे. फक्त ‘तीव्रता घटली’ हे वाक्य ‘धूर घटला’ असं वाचू नये.

मग तासांकडे वळू. देशाची वीजयंत्रणा दिवसाचे 96 तुकडे पाडते, प्रत्येक पंधरा मिनिटांचा. प्रत्येक तुकड्यात कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची आणि कुठल्या राज्याने किती उचलायची, याचं वेळापत्रक आदल्या दिवशीच तयार होतं. महाराष्ट्राचं हे काम कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून चालतं. तिथल्या पडद्यावरची रेघ पाहिली की धोरणाची खरी गाठ कुठे आहे ते दिसतं. सकाळी दहानंतर सौर वीज चढू लागते आणि औष्णिक संच दाबले जातात. दुपारी वीज बाजारात भाव पडलेले असतात. साडेपाचनंतर ऊन उतरतं, पण मागणी उतरत नाही. दुकानांचे दिवे, घरचे पंखे, एसी, पिठाच्या गिरण्या सगळं चालूच असतं. तास-दीड तासात हजारो मेगावॉटची सौर वीज निघून जाते आणि तिची जागा कोयनेच्या पाण्याने आणि कोळशाने भरावी लागते. कोळशाचा संच बटण दाबून चालू-बंद होत नाही. थंड पडलेला संच पुन्हा पेटवून पूर्ण भाराला आणायला कित्येक तास जातात. म्हणून तो दुपारी नको असला तरी मंद आचेवर चालू ठेवतात. पूर्वी भार क्षमतेच्या किमान 55 टक्के ठेवावा लागे. आता तो 40 टक्क्यांपर्यंत उतरवता यावा असा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा 2023 चा नियम आहे. जुन्या संचांना ते झेपायला खर्च येतो, आणि मंद आचेवर चालणारा संच युनिटमागे कोळसाही जास्त खातो.

म्हणजे अडचण सौर वीज कमी असण्याची राहिलेली नाही. वीज दुपारी आहे आणि गरज रात्री आहे. यावर उपाय दोनच: वीज संध्याकाळपर्यंत साठवून ठेवायची, किंवा गरज दुपारी आणायची. पहिला उपाय बातम्यांत असतो. बॅटऱ्यांच्या निविदा, उदंचन प्रकल्प. उदंचन म्हणजे स्वस्त विजेच्या वेळी खालच्या धरणातलं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवायचं आणि महाग वेळी ते सोडून जनित्र फिरवायचं. महाराष्ट्राला हे नवं नाही. घाटघरचा 250 मेगावॉटचा प्रकल्प 2008 पासून सह्याद्रीच्या कड्यावर हेच करतो आहे. दुसरा उपाय बातमीत क्वचित येतो, आणि माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात मोठं काम तिथेच व्हायचं आहे. त्यासाठी शेतीपंपाचा फीडर जवळून पाहायला हवा.

आपल्या गावागावांत शेतीला थ्री फेज लाईट पाळीने मिळते. आठवड्याचे काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री. कारण उघड आहे: दिवसा उद्योग आणि शहरं वीज उचलतात, म्हणून जी वीज मध्यरात्री उरते ती शेतीच्या वाट्याला येते. मग माघ-पौषाच्या थंडीत शेतकरी बॅटरी हातात घेऊन रात्री दोन वाजता बारं मोडायला जातो. जुन्नर-आंबेगावकडे बिबट्याची भीती असते, इतरत्र सापाची. ती टाळायला लोकांनी स्टार्टरला ऑटोस्विच बसवले. लाईट आली की पंप आपोआप सुरू होतो. पण एका डीपीवरचे, म्हणजे रोहित्रावरचे, सगळेच पंप त्याच क्षणी सुरू झाले की डीपीवर इतका भार येतो की ती जळते. मग आठ-आठ दिवस नव्या डीपीची वाट पाहायची, वायरमनच्या मागे लागायचं, आणि उभं पीक वाळताना बघायचं. शिवाय माणूस घरी झोपलेला असताना चालू झालेला पंप गरजेपेक्षा जास्त पाणी उपसतो. वीजही वाया आणि भूजलही.

महावितरणच्या विजेपैकी साधारण तीस टक्के शेतीला जाते असं अधिकृत आकडे सांगतात. बिनमीटरच्या जोडण्यांमुळे त्या आकड्यावर वाद आहे, पण हिस्सा मोठा आहे यावर नाही. आता हाच भार दिवसा आणला तर? 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागची कल्पना एवढीच आहे. गावाजवळच्या उपकेंद्राला लागून काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची. पहिले प्रयोग राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीत झाले आणि 2023 मध्ये योजनेचा दुसरा, मोठा टप्पा आला. शेतकऱ्याला दिवसा लाईट मिळते. वीज लांबून आणावी लागत नाही, म्हणून गळती घटते. ती युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणून शेतीच्या अनुदानाचा बोजाही कमी होतो. आणि रात्रीचा तेवढा कोळसा वाचतो. योजनेच्या नावात कार्बन हा शब्द नाही. तरी देशातल्या कार्बन धोरणाचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं दाखवणं अवघड आहे, कारण इथे भार उचलून सूर्याच्या तासांवर ठेवला आहे.

एलईडी दिव्यांची उजाला योजना याच जातीची. 2015 पासून देशभरात छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले आणि साठ वॉटच्या बल्बची जागा नऊ वॉटच्या दिव्याने घेतली. सरकारने घाऊक खरेदी केली म्हणून 310 रुपयांचा दिवा दोन-अडीच वर्षांत 38 रुपयांवर आला. आणि दिवा लागतो तो नेमका संध्याकाळी, जेव्हा सौर वीज नसते आणि कोळसा महाग पडतो. आता पुढची पाळी एसीची आहे. येत्या दहा-पंधरा वर्षांत रात्रीची मागणी कुणी वाढवणार असेल तर ते एसी. आज दुकानातून निघणारा एसी तीन स्टारचा की पाच स्टारचा, यावर 2035 सालच्या मे महिन्यातल्या रात्रीचा कोळसा ठरणार आहे.

एवढं समजलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: जो निर्णय आज होतो तो किती वर्षं आपल्याला बांधून ठेवतो? या बाबतीत महाराष्ट्राइतका धडा कुणी घेतला नसेल. 1992 मध्ये एन्रॉनशी दाभोळच्या प्रकल्पाचा समझोता झाला तेव्हा विजेच्या मागणीचे अंदाज फुगवलेले होते. इंधन परदेशी होतं, हिशेब डॉलरशी बांधलेला होता, आणि वीज घेतली नाही तरी ठरलेली रक्कम भरायची होती. 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि 2001 मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. डॉ. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याच वर्षी या सगळ्याची चिरफाड केली. आपण त्या प्रकरणाची आठवण भ्रष्टाचार आणि राजकारणाच्या अंगाने ठेवली. नियोजनाच्या अंगाने त्यातला धडा असा की चुकीचा अंदाज दीर्घ कराराच्या कागदावर उतरला की तो अंदाज राहत नाही, कर्ज होतो.

आज केंद्र सरकारचा इरादा 2032 पर्यंत किमान 80 गिगावॉट नवी कोळसा क्षमता उभी करण्याचा आहे. त्यामागची भीती खोटी नाही. 2024 च्या मे महिन्यात देशाची कमाल मागणी 250 गिगावॉटवर गेली होती आणि रात्रीच्या उकाड्यात वीज गेली तर सरकारं पडतात. पण कोळशाचा संच सहज चाळीस वर्षं चालतो. 2030 साली पेटलेली भट्टी 2070 पर्यंत, म्हणजे निव्वळ शून्याच्या वर्षापर्यंत, तगू शकते. साठवणुकीचे दर या गतीने उतरत राहिले तर त्यातले कित्येक संच त्याआधीच बिनकामाचे होतील आणि त्यांचे स्थिर आकार मात्र वीजबिलात येतच राहतील. तेव्हा प्रत्येक नव्या संचाबद्दल विचारायचा प्रश्न ‘वीज हवी की नको’ हा नाही. तो वर्षातल्या नेमक्या किती तासांसाठी हवा आहे, आणि तेवढे तास दुसऱ्या मार्गाने भागवायला किती पडतील, हे विचारलं पाहिजे.

धोरणाचे तुकडे वेगवेगळ्या दारांत वाटले गेल्याने हा हिशेब कुणा एकाकडे नाही. कोळसा, वीज, पेट्रोलियम आणि नवी व नवीकरणीय ऊर्जा यांची चार मंत्रालयं, अणुऊर्जेचा विभाग पंतप्रधानांकडे, मालवाहतूक रेल्वेकडे, वितरण राज्यांकडे. 2006 मध्ये डॉ. किरीट पारीख यांच्या समितीने एकात्मिक ऊर्जा धोरणाचा अहवाल दिला. 2017 मध्ये नीती आयोगाने राष्ट्रीय ऊर्जा धोरणाचा मसुदा काढला, तो मसुदाच राहिला. एका दारातला निर्णय दुसऱ्या दारात कसा अडतो, याचं आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे इथेनॉल. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणावर भरवसा ठेवून राज्यातल्या कारखान्यांनी आसवन्या उभारल्या. 2023 चा पाऊस कमी झाला, साखरेची चिंता वाटू लागली, आणि डिसेंबरात एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. बंदी पुढे सैल झाली, पण कर्ज काढून उभारलेल्या आसवन्यांचा हंगाम बिघडायचा तो बिघडलाच. ऊर्जा खात्याच्या तक्त्यात पावसाचा रकाना नव्हता.

कोळसा कमी करायचा म्हटलं की चंद्रपूरचा विचार आधी करावा लागतो, आणि या पुस्तकात त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. 2,920 मेगावॉटचं केंद्र, भोवती दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणी, पलीकडे घुग्घुस आणि वणी. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने या शहराला देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांत धरलं. लोकांना धूर नको आहे यात शंका नाही. पण जमीन देऊन खाणीत नोकरी मिळवलेला प्रकल्पग्रस्त, राखेचे ट्रक चालवणारा, कंत्राटी मजूर, कॉलनीजवळ मेस चालवणारी बाई, यांचं पुढे काय हे कुणी सांगत नाही. जिल्ह्याच्या खनिज विकास निधीतून शाळा-रस्ते-दवाखान्यांना जे पैसे मिळतात, तेही कोळसा निघतो तोवरच. रेल्वेचंही तसंच आहे: कोळशाच्या भाड्यातून प्रवासी तिकिटाची तूट भरून निघते. झारखंड, छत्तीसगड, ओडिशात हे प्रश्न चंद्रपूरच्या कित्येक पटींनी मोठे आहेत. खाण बंद होण्याची तारीख ठरवणं सोपं आहे. त्याच्या दहा वर्षं आधी त्या तालुक्यात दुसरा रोजगार उभा करणं हे नियोजन.

पुस्तकाची रचना या क्रमाने केली आहे. पहिल्या भागात आकडे वाचायची रीत आहे. दुसऱ्यात दिवसाचे तास आणि वर्षाचे ऋतू यांचा हिशेब, त्यातच वारा, पाणी आणि अणुऊर्जा यांची जागा. तिसऱ्यात करार आणि दर, म्हणजे पैसे कोण भरतं ते. चौथ्यात कोळशाचे जिल्हे. गणित बेरीज-वजाबाकीच्या पुढे जात नाही, आणि विजेचं शास्त्र लागेल तेवढंच घेतलं आहे. तयार आराखडा मी दिलेला नाही. एका माणसाने लिहिलेला राष्ट्रीय आराखडा वाचकाने संशयानेच पाहावा, असं माझं मत आहे.

वाचकाने या विषयात का पडावं, एवढं सांगून थांबतो. विजेचं धोरण दिल्लीत ठरतं असं वाटतं, पण त्यातले पैशाचे निर्णय राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे होतात, आणि तिथे दरवाढीच्या प्रस्तावावर जनसुनावणी होते. कुणीही ग्राहक लेखी हरकत नोंदवू शकतो, उभं राहून बोलू शकतो. बहुतेक हरकती ‘दर वाढवू नका’ एवढ्यावर संपतात आणि कंपनीकडे त्याचं उत्तर तयार असतं. या पुस्तकाने काही साधलं तर एवढंच साधावं की पुढच्या सुनावणीला चार माणसांनी वेगळे प्रश्न न्यावेत: हा नवा करार दिवसाच्या कुठल्या तासांसाठी आहे? तेवढे तास साठवणुकीने किंवा भार हलवून भागवण्याचा हिशेब केला होता का, केला असेल तर कागद कुठे आहे? आणि अंदाज चुकला तर पंचविसाव्या वर्षापर्यंत पैसे कोण भरणार? या प्रश्नांना ‘मेगावॉट’ हे उत्तर चालत नाही.